रेशमाची पट्टी आणि साडीचा पदर

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मागच्या आठवड्यात आपल्या पेपरात रेशमापासून बनवलेल्या ड्रेसिंगची बातमी वाचली. विषय छान घेतलात, पण हेडिंगमध्ये 'रेशीम जंतू मारतं' असं आलं आणि लोकांनी तेवढंच धरलं. दुसऱ्याच दिवशी आमच्या शेजारच्या काकू जुन्या माहेश्वरीचा पदर फाडून, उकळून, बाबांच्या पायावर बांधायला घेऊन आल्या. मायेनंच आणला होता हो, पण मी हात जोडून नको म्हटलं. एक तर माहेश्वरीत उभा धागा रेशमाचा असला तरी आडवा बहुतेक सुतीच असतो, वर रंग, वर जर.

बाबांना शुगर आहे, तळपायाची जखम महिनोन्‌महिने भरत नाहीये. रोज सकाळी गॉज सोडवताना सलाइन ओतून ओतून भिजवते तरी कडेला चिकटलेला असतोच, जरा ओढला की कालपर्यंत आलेली गुलाबी कातडी त्याच्यासोबत निघून येते आणि पुन्हा रक्त. पायाला संवेदनाच नाही म्हणून बाबांना कळतही नाही, मलाच बघवत नाही. त्यामुळे रेशमाची पट्टी किती कामाची आहे हे मला कुणी सांगायला नको. पण ती साडीच्या रेशमाची नसते. कोष सोड्याच्या पाण्यात उकळून वरचा डिंकासारखा सेरिसिन काढतात, उरलेला रेशमाचा मूळ तंतू, म्हणजे फायब्रोइन, विरघळवून त्याचा पातळ पापुद्रा किंवा स्पंज करतात. तो जखम ओलसर ठेवतो, नवीन पेशींना धरायला आधार देतो, जखमेतून बाहेर येणारं घाण पाणी शोषतो.

जंतू मात्र बहुतेक वेळा त्यात मिसळलेलं चांदी किंवा अँटिबायोटिक मारतं, रेशीम ही औषधं फक्त धरून ठेवतं आणि हळूहळू सोडतं. नुसतं रेशीम जंतू मारत असतं तर टाक्यांच्या विणलेल्या रेशमी दोऱ्याच्या पेडांत जंतू लपून बसलेच नसते, आणि डॉक्टर लोक घाण जखमेत तो दोरा टाळतात तो याच्यामुळेच.

आपला पेपर इथं घरोघरी वाचला जातो, म्हणून विनंती आहे की हा खुलासा त्याच पानावर, तेवढ्याच मोठ्या अक्षरांत छापा, आणि शुगरवाल्यांनी पायाच्या जखमेवर घरचं काहीही बांधू नये, आधी डॉक्टरला दाखवावं, हेही लिहा.

आपली एक वाचक,
लोकमान्य नगर, इंदूर