तेलाच्या डब्याबद्दल

आर्वी, जि. वर्धा

प्रिय सुधाकर,
स. न. वि. वि.

साखर सोडली तरी पोट हटत नाही, असं लिहिलंस. गड्या, मला तेलाचा आकडा खटकला. चौघांत महिन्याला सहा लिटर सोयाबीन तेल म्हणजे माणशी रोज ४५ ग्रॅम. त्यातलं निम्मं लिनोलेइक आम्ल, म्हणजे तेलातल्या चरबीचा एक प्रकार. २००० कॅलरीच्या जेवणात दहा टक्के कॅलरी एकट्या त्याच्याच.

हे आम्ल थोडं लागतंच, पण त्यातूनच शरीर पुढे अॅराकिडोनिक आम्ल बनवतं आणि त्यापासून आनंदामाइड व २-एजी. ही गांजासारखी रसायनं आपल्याच अंगात तयार होतात. आनंदामाइड १९९२ साली सापडलं, नाव आपल्या 'आनंद'वरूनच. गांजा ज्या कुलपाला लागतो, त्यालाच ही लागतात. ते कुलूप, सीबी१, मेंदूत आहे तसं चरबीच्या पेशीवरही आहे. उघडलं की पेशी रक्तातली चरबी ओढून साठवते आणि चरबी जाळणारे मायटोकॉन्ड्रिया कमी होतात. मेंदूत तेच भूक वाढवतं.

२०१२च्या एका अभ्यासात उंदरांचं लिनोलेइक १ टक्क्यावरून ८ टक्के कॅलरीवर नेलं. दोन्ही रसायनं वाढली, उंदीर जाडावले. माशातलं ओमेगा-३, म्हणजे दुसऱ्या प्रकारची चरबी, मिसळल्यावर ती वाढ दबली. माणसात पुरावा इतका स्पष्ट नाही, हेही ध्यानात ठेव.

कुलूपच बंद करणारी रिमोनाबंट नावाची गोळी २००६ साली युरोपात आली. वजन उतरलं, पण मेंदूतलं कुलूपही बंद झालं. लोकांना नैराश्य आलं, आत्महत्येचे विचार आले. २००८मध्ये विक्री थांबवली. तेव्हा अशी गोळी शोधू नकोस.

तेल तीन लिटरवर आण. महिन्याचं तेल १ तारखेला वेगळ्या डब्यात काढ, पळीच्या अंदाजाने कधीच जमत नाही. सोयाबीन-सरकीऐवजी फल्लीचं (शेंगदाण्याचं) तेल घे, त्यात लिनोलेइक साधारण तीस टक्के. करडईत ते पाऊण भाग असतं, म्हणून ती नको. डालडा तर घरात आणूच नकोस.

जवसाची चटणी रोज एक मोठा चमचा खा, जवसातही ओमेगा-३ असतं. जवस मंद आचेवर तडतडेपर्यंतच भाज, जास्त भाजलं तर कडू लागतं. अख्खा दाणा न पचता तसाच बाहेर पडतो, म्हणून बारीक कुटायचा. आठ दिवसांपुरतीच कर, उरलेली खवट होते. जवसाच्या तेलात तळू नकोस. मात्र जवसाच्या ओमेगा-३चं माशातल्या ओमेगा-३मध्ये फार थोडं रूपांतर होतं. मासे चालत असतील तर आठवड्यातून दोनदा खा.

तर्री फिकी लागेल. कांद्याला मीठ लावून झाकण ठेव, चिकटला की पाण्याचा शिंतोडा मार, मग मसाला घाल. तेल सुटायची वाट पाहू नकोस, वास सुटला की झालं.

वहिनींना नमस्कार.

तुझा,
प्रभाकर