शिआत्सू : बिंदूंच्या चित्राबरोबर दाबाची रीतही छापावी

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

अंगदुखीवर कोणते बिंदू दाबावेत याची चित्रे आरोग्य पुरवण्यांतून वरचेवर येतात. परंतु दाब किती द्यावा, किती वेळ द्यावा आणि केव्हा मुळीच देऊ नये, हे त्यांत बहुधा नसते.

‘शिआत्सू’ ही असे बिंदू बोटांनी दाबण्याची जपानी उपचारपद्धत; शब्दाचा अर्थच ‘बोटांचा दाब’. विसाव्या शतकात तोकुजिरो नामिकोशी यांनी ही पद्धत रूढ केली आणि १९४० मध्ये तोक्योत तिचे विद्यालय काढले. जपानमध्ये हा व्यवसाय करायचा तर किमान तीन वर्षांचे शिक्षण आणि राष्ट्रीय परीक्षा लागते. घरी स्वतःपुरता उपचार करण्यास परवाना लागत नसला, तरी त्या शिक्षणातील सावधगिरी आपल्यापर्यंत पोहोचायला हवी.

मी बावीस वर्षे हिशेबाच्या वह्यांवर मान घालून काम केले. एका चित्रावरून मानेचे मणकेच अंगठ्याने रेटले आणि दोन दिवस मान वळेना. पुढे जाणकाराकडून रीत समजली : कवटीच्या खालच्या कडेला, मणक्याच्या दोन्ही बाजूंच्या खोलगट जागी अंगठे टेकवावेत, डोके हलकेच मागे सोडावे, म्हणजे त्याच्या भारानेच दाब पडतो, श्वास सोडत सुमारे पाच सेकंद थांबून दाब सावकाश काढावा. ‘दुखतंय, पण बरं वाटतंय’ इथवरच जावे. या जाणिवेला जपानीत ‘इता-किमोची-ई’ म्हणतात. श्वास रोखावा लागला, तर दाब जास्त झाला असे समजावे. शिआत्सूविषयीचे संशोधन अजून तोकडे आहे, त्यामुळे आजार बरा होतो असा दावा मी करणार नाही. आखडलेली मान मात्र माझ्यापुरती रोज सैल होते.

गळ्याच्या पुढच्या बाजूच्या धमन्या कधीही दाबू नयेत. पायात रक्ताची गुठळी असण्याची शंका, ताजी दुखापत, ताप, ठिसूळ हाडे किंवा रक्त पातळ करणारी औषधे चालू असताना डॉक्टरांना विचारल्याशिवाय अंगठा लावू नये. अंगठा आणि तर्जनी यांमधला, डोकेदुखीसाठी सर्रास सांगितला जाणारा बिंदू गरोदरपणात टाळण्याची परंपरा आहे, हेही चित्राखाली क्वचितच असते. छातीतून डाव्या हातात उतरणारी कळ किंवा अचानक उठलेली भयंकर डोकेदुखी असेल, तर बिंदू शोधत न बसता तडक रुग्णालय गाठावे.

पुढच्या वेळी असे चित्र छापताना या सूचना त्याच चौकटीत, वाचता येईल अशा अक्षरांत द्याव्यात, ही विनंती.

आपली नियमित वाचक,
सातारा