ग्रुपमध्ये साठ जण, पण फोन कोण करतं?

संपादक साहेब,

शाळा सोडून आमच्या बॅचला ३८ वर्षं झाली, मधली वीसेक वर्षं तर कोण कुठे आहे काहीच पत्ता नव्हता, पत्रं बंद झाली, नंबर बदलले, मुलींची लग्नानंतर आडनावं बदलली म्हणून त्यांना शोधणं अजूनच अवघड. मग व्हॉट्सअॅप आलं, कुणीतरी वर्गाचा जुना फोटो टाकला आणि एकेक करत सगळे सापडत गेले.

पण खरं सांगू का, नुसते गुड मॉर्निंगचे फोटो पाठवून संपर्क राहत नाही हो. आमच्यातल्या एकाची बायको गेली ते आम्हाला चार महिन्यांनी कळलं, साठ जणांचा ग्रुप असून! तो एवढंच म्हणाला, ग्रुपवर कसं लिहिणार. हे माझ्या मनातून अजून जात नाही.

हार्वर्डमध्ये १९३८ पासून माणसांच्या आयुष्याचा एक अभ्यास चालू आहे, त्यात परत परत हेच दिसलंय की तब्येत आणि समाधान दोन्हीसाठी जवळची नाती फार महत्त्वाची. आणि साधारण १० ते ३० या वयातल्या आठवणी उतारवयात जास्त वर येतात म्हणे, त्या आठवणींचे साक्षीदार म्हणजे हेच वर्गमित्र की.

म्हणून आम्ही आता दर रविवारी एकाला तरी फोन करायचाच असं ठरवलंय, बाकीच्या बॅचेसनीही करून बघा. आमच्या हजेरीपटातले चौघं अजून सापडले नाहीत, शोध चालू आहे.

– एक वाचक