पायांखाली झिजणाऱ्या ढाली

संपादक महोदय,

३ डिसेंबरचे सेंट फ्रान्सिस झेवियरचे फेस्त (सणाचा दिवस) जवळ आले की जुने गोवे माणसांनी फुलते. बॉम जीझस चर्चच्या रांगेतून सुटलेली मंडळी रस्ता ओलांडून सेंट फ्रान्सिस ऑफ असिसीच्या चर्चमध्येही शिरतात. तिथे सगळ्यांच्या माना वर, सोनेरी वेदीकडे. खाली कोण बघतो? पायांखालचे चिरे मात्र साध्या फरशा नव्हेत. पोर्तुगीज अमलातल्या मातब्बरांच्या थडग्यांवरच्या त्या शिळा आहेत आणि त्यांतल्या कितीतरींवर घराण्याची ढाल कोरलेली आहे.

मी चित्रकलेचा मास्तर, म्हणून मला या ढालींचे कौतुक. चिलखतात तोंड झाकलेला माणूस कोण हे लांबून कळावे म्हणून युरोपात ही चिन्हे आली. त्यामुळे त्यांचा रंगांचा नियम कडक: सोनेरी-रुपेरी एका गटात, लाल, निळा, काळा, हिरवा दुसऱ्या गटात, आणि एका गटातला रंग त्याच गटातल्या रंगावर चढवायचा नाही. पोर्तुगालची राजढालच घ्या. पांढऱ्यावर पाच निळ्या ढाली, त्या निळ्यावर पांढरे ठिपके, भोवतीच्या लाल काठावर सोनेरी किल्ले. पोस्टर करणाऱ्या मुलांना यापेक्षा चांगला धडा मी तरी देऊ शकलो नसतो.

दगडावर रंग नाही. तिथे ओळख पटते ती फक्त उठावामुळे, आणि नेमका तोच बुटा-चपलांखाली सपाट होतोय. काही ढालींवर आता बोट फिरवल्याशिवाय रेघ सापडत नाही.

‘परक्या राज्यकर्त्यांची चिन्हे, झिजली तर झिजू देत,’ असे आमच्या सोप्यावर बसणारे एक स्नेही म्हणतात. मला ते पटत नाही. गोव्यावर पूर्वी राज्य केलेल्या कदंब घराण्याचा सिंहही राजचिन्हच होता. तो आज आपल्या सरकारी ‘कदंब’ बसवरून गावोगाव फिरतो. आणि जुन्या गोव्यातली चर्चे १९८६ पासून जागतिक वारशाच्या यादीत आहेत ती काय नुसत्या भिंतींसाठी?

देखभाल ज्यांच्याकडे आहे त्यांना विनंती, की फेस्ताची गर्दी होण्याआधी निदान ठळक उरलेल्या शिळांभोवती दोर लावावा, चालायच्या वाटेवर जाजम घालावे, आणि कोणत्या ढालीवर काय आहे हे सांगणारा फलक मराठी-कोंकणीतही लावावा. आल्तिनोच्या कला महाविद्यालयातल्या मुलांकडून या सगळ्या ढालींची मापासकट रेखाटने करून घेता येतील. उत्साहाच्या भरात कुणी त्यांत ऑइल पेंट मात्र भरू नये.

आपला,
एक निवृत्त चित्रकला शिक्षक, फोंडा