सगळं काढून टाकायचं नाही, असं मी ठरवलंय

चि. समीर,
अनेक आशीर्वाद.

फोनवर तू पुन्हा पुन्हा एकच म्हणत होतास, "आई, रिस्क नको, पूर्ण स्तनच काढून टाक." तुझा आवाज भरून आला होता, म्हणून मी तेव्हा वाद घातला नाही. माझा निर्णय मात्र झाला आहे. फक्त कॅन्सरची गाठ काढायची, स्तन ठेवायचा आणि नंतर रेडिएशन घ्यायचं. तो का झाला हे तुला नीट कळायला हवं.

गाठ दीड सेंटिमीटरची आहे. सोनोग्राफीत काखेतल्या ग्रंथी साफ दिसल्या. बायोप्सीत ईआर-पीआर (पेशींवरचे हार्मोन पकडणारे रिसेप्टर) पॉझिटिव्ह, हर-टू (गाठ वेगाने वाढवणारं प्रथिन) निगेटिव्ह आलं. म्हणजे ही गाठ हार्मोनच्या जोरावर वाढते आणि तो जोर तोडणाऱ्या गोळ्या आहेत. तुला हे सगळं उद्याच्या उद्या उरकायला हवं होतं. पण या स्टेजला विचार करायला दोन-तीन आठवडे घेतले तर बिघडत नाही, असं डॉक्टरांनीच सांगितलं. त्या वेळात मी बायोप्सीच्या स्लाइड दुसऱ्या पॅथॉलॉजिस्टकडून तपासून घेतल्या आणि आणखी एका सर्जनना भेटले. दोन्ही सर्जन म्हणाले, दोन्ही मार्ग खुले आहेत, निवड तुमची.

सगळं काढलं की आजार मुळासकट गेला, असं तुला वाटतं. डॉक्टरांनाही कित्येक दशकं तसंच वाटत होतं. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेत सर्जन विल्यम हॉल्स्टेड यांनी रूढ केलेल्या शस्त्रक्रियेत स्तनाबरोबर छातीचे स्नायू आणि काखेतल्या ग्रंथीही जायच्या. बायकांचे हात जन्मभर सुजलेले राहायचे. पुढे तिथलेच सर्जन बर्नार्ड फिशर यांनी वेगळा प्रश्न विचारला: पेशी रक्तातून आधीच कुठे गेल्या असतील, तर छातीवर जास्त कापून काय मिळणार? त्यांच्या गटाने १९७६ साली सुरू केलेल्या अभ्यासाचे वीस वर्षांचे निष्कर्ष २००२ मध्ये आले. १८५१ बायकांपैकी काहींचा पूर्ण स्तन काढला होता, काहींची फक्त गाठ. किती जणी जगल्या यात फरक पडला नव्हता. इटलीत सर्जन उंबेर्तो वेरोनेसी यांनी दोन सेंटिमीटरपर्यंतच्या गाठींवर केलेला अभ्यासही त्याच वर्षी तेच सांगून गेला. माझी गाठ त्याच मापातली आहे.

एक गोष्ट तुझ्यापासून लपवत नाही. ठेवलेल्या स्तनात आजार परत येऊ शकतो. फिशर यांच्या अभ्यासात नुसती गाठ काढलेल्यांपैकी सुमारे ३९ टक्के बायकांना वीस वर्षांत तिथेच पुन्हा कॅन्सर झाला. रेडिएशन घेतलेल्यांमध्ये हे प्रमाण १४ टक्के होतं आणि आजच्या औषधांमुळे ते आणखी कमी झालं आहे. म्हणून रेडिएशन टाळायचा विचार माझ्या मनात नाही. दरवर्षी मॅमोग्राफीही करेन. काढलेल्या गाठीच्या कडेला कॅन्सरच्या पेशी सापडल्या, तर पुन्हा टेबलावर जावं लागेल, हेही सर्जननी आधीच सांगून ठेवलं आहे.

मला खरी भीती आहे ती शरीरात दुसरीकडे एखादी पेशी जाऊन बसली असेल तर, याची. स्तन काढल्याने ती भीती कमी होत नाही. तिच्यासाठी गोळ्या आहेत, आणि स्तन काढला असता तरी त्या घ्याव्याच लागल्या असत्या. माझी पाळी जाऊन बरीच वर्षं झाली, म्हणून लेट्रोझोल ही हार्मोन कमी करणारी गोळी, निदान पाच वर्षं. त्याने सांधे दुखतात, हाडं विरळ होतात. हाडांची तपासणी आधीच करून घेणार आहे. मला विचारशील तर या पाच वर्षांत एकही गोळी न चुकवणं हे त्या एका दिवसाच्या ऑपरेशनपेक्षा अवघड काम आहे.

किमोचं अजून ठरलेलं नाही. ऑपरेशनमध्ये काखेतल्या पहिल्या एक-दोन ग्रंथी रंग टोचून शोधतात आणि तपासतात. त्या साफ निघाल्या तर गाठीची २१ जनुकांची चाचणी करायची. माझ्यासारख्या, पन्नाशी उलटलेल्या बायकांमध्ये तिचा स्कोअर २५ किंवा त्याखाली आला तर किमोने जास्तीचा फायदा होत नाही, हे २०१८ साली दहा हजारांहून जास्त बायकांच्या अभ्यासातून पुढे आलं. स्कोअर त्यावर गेला, तर मी किमो घेईन. केस गेले तरी घेईन. कमी उपचार हवेत असा माझा हट्ट नाही रे, ज्याचा उपयोग आहे तेवढे सगळे हवेत.

तुझ्या छोटीची काळजी तू बोलून दाखवली नाहीस, पण मला कळली. बहुतेक स्तनाचे कॅन्सर आनुवंशिक नसतात, साधारण पाच ते दहा टक्केच असतात. तरी मी बीआरसीए या जनुकांत दोष आहे का, याची रक्ततपासणी करते आहे. तो दोष आईकडून मुलालाही जातो, आणि मुलाकडून पुढे त्याच्या मुलीला. रिपोर्ट आला की तुला पाठवेन. दोष निघाला तर हा सगळा विचार मला पुन्हा करावा लागेल, आणि मी करेन.

ऑपरेशनला रजा काढून धावत येऊ नकोस. बहुतेक दुसऱ्या दिवशी घरी सोडतील. रेडिएशन तीन आठवडे चालेल, थकवा शेवटाकडे वाढतो म्हणतात. तिसऱ्या आठवड्यात ये आणि चार दिवस जास्त राहा. पुढच्या भेटीत डॉक्टरांना विचारायचे प्रश्न मी वहीत लिहिते आहे. तुझे प्रश्नही रविवारपर्यंत पाठव. भीती वाटते ते सगळं लिही, मी तिथेच विचारून घेईन.

तुझी,
आई