बर्क आणि राघोबादादांचे वकील

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

फ्रेंच राज्यक्रांतीवरची आपली लेखमाला मी आवडीने वाचतो. मात्र गेल्या रविवारच्या भागात ब्रिटिश पार्लमेंटचा सभासद आणि विचारवंत एडमंड बर्क याला ‘गिलोटिनचा रक्तपात पाहून बिथरलेला इंग्रज राजनिष्ठ’ म्हणून दोन ओळींत निकालात काढले आहे, ते पटले नाही.

आधी तारखा. क्रांतीवर टीका करणारे बर्कचे पुस्तक नोव्हेंबर १७९० मध्ये निघाले. गिलोटिन हे शिरच्छेदाचे यंत्र पहिल्यांदा चालले एप्रिल १७९२ मध्ये आणि सोळाव्या लुईचा शिरच्छेद झाला जानेवारी १७९३ मध्ये. म्हणजे बर्क लिहीत होता तेव्हा राजा जिवंत होता, सिंहासनावर होता, आणि लंडनमधले बरेच सुशिक्षित लोक फ्रान्सकडे कौतुकाने पाहत होते. तेव्हा ‘रक्तपात पाहून’ हे कारण टिकत नाही. शिवाय बर्क इंग्रज नव्हता. तो डब्लिनचा, वकिलाचा मुलगा, आई कॅथलिक. आयर्लंडमधल्या कॅथलिकांना कायद्याने कसे चेपून ठेवले होते हे त्याने घरातच पाहिले होते.

‘राजनिष्ठ’ हेही जपून म्हणावे लागेल. हाच माणूस मार्च १७७५ मध्ये पार्लमेंटात उभा राहून अमेरिकन वसाहतींशी समेट करा म्हणून सांगत होता, तेही तिसऱ्या जॉर्जच्या सरकारविरुद्ध. दरबाराच्या खर्चाला कात्री लावणारा कायदाही त्याच्याच खटपटीने झाला. ब्रिस्टलच्या मतदारांना त्याने निवडून येताच ऐकवले होते की मी तुमचा प्रतिनिधी आहे, पण माझी विवेकबुद्धी तुमच्या स्वाधीन करणार नाही. पुढे आयर्लंडशी व्यापार आणि कॅथलिकांना सवलती या प्रश्नांवर त्याने हे खरे करून दाखवले आणि १७८० मध्ये ती जागा गमावली.

आता आपल्याकडची गोष्ट, जी लेखात यायलाच हवी होती. १७८१ मध्ये राघोबादादांचे वकील, म्हणजे दूत, हणमंतराव इंग्लंडात पोहोचले. सोबत मनुआर रतनजी हे पारशी गृहस्थ आणि त्यांचा मुलगा होता. दादांच्या वतीने मदत मागायला आलेली ही मंडळी. ब्राह्मणाने समुद्र ओलांडलेला, त्यात सोवळे सांभाळायचे. लंडनमध्ये हाल व्हायचेच. बर्कने त्यांना बीकन्सफील्डच्या आपल्या घरी नेले आणि आपल्या रीतीने स्वयंपाक करता यावा म्हणून बागेतले काचघर मोकळे करून दिले. त्या काळच्या लंडनमध्ये एवढा विचार किती जणांनी केला असता?

पाहुणचारावर प्रकरण थांबले नाही. १ डिसेंबर १७८३ च्या भाषणात बर्कने ईस्ट इंडिया कंपनीची जी लक्तरे काढली, त्यात मराठी वाचकाने मुद्दाम शोधावा असा एक भाग आहे. कंपनीने ज्याच्याशी संबंध जोडला अशा हिंदुस्थानातल्या प्रत्येक राजाला, प्रत्येक संस्थानाला विकले, असे म्हणून त्याने यादीच वाचली: मराठ्यांचे राज्य राघोबाला विकले, मग राघोबालाच पेशव्यांच्या हवाली केले, आणि राघोबा व पेशवे दोघांचाही सौदा नागपूरकर भोसल्यांपुढे मांडला, शिंदेही त्याच दुकानात! सुरतेचा तह, पुरंदरचा तह, सालबाईचा तह हे आपण शाळेत सनावळी म्हणून पाठ केले. हा आयरिश माणूस त्यांचा हिशेब लंडनमध्ये भर सभेत मागत होता. दादांविषयी आपले मत काय असायचे ते असो.

कंपनीचा बंगालमधला गव्हर्नर जनरल वॉरन हेस्टिंग्ज याच्यावरचा खटला फेब्रुवारी १७८८ मध्ये उभा राहिला आणि एप्रिल १७९५ मध्ये हेस्टिंग्ज निर्दोष सुटला. म्हणजे फ्रान्समध्ये बॅस्टिल पडले, राजा गेला, दहशतीचे राज्य चालवणारा रोबेस्पिएर आला आणि गेला, त्या साऱ्या काळात बर्क हेस्टिंग्जने पैशासाठी नाडलेल्या काशीच्या राजा चेतसिंगाची आणि अवधच्या बेगमांची बाजू लढवत होता. ही दोन कामे एकाच माणसाची, एकाच वेळची आहेत. माझ्या मते दोन्हीमागचे भय एकच: जुने हक्क, करार, रीतिरिवाज झुगारून मोकळी सुटलेली सत्ता. ती कंपनीच्या गव्हर्नरची असो की पॅरिसच्या सभेची.

फ्रान्सबद्दलच्या त्याच्या लिखाणातही लेखकाने राणीसाठीचे अश्रू तेवढे पाहिले. पण चर्चच्या जमिनी जप्त करून त्यांच्या तारणावर कागदी पैसा छापण्याचे काय होईल, यावर त्याने पानेच्या पाने खर्ची घातली आहेत, आणि त्या नोटांची पुढे माती झाली. सैन्यात शिस्त उरली नाही की एखादा लोकप्रिय सेनापती उठेल आणि तोच तुमचा धनी होईल, हेही त्याने १७९० मध्येच लिहून ठेवले. नेपोलियनने सत्ता घेतली ती १७९९ मध्ये. बर्क त्याआधी दोन वर्षे वारला होता.

त्याचे सगळेच बरोबर होते असे मी म्हणणार नाही. राणी मेरी आंत्वानेतसाठी दहा हजार तलवारी म्यानातून उसळायला हव्या होत्या असे लिहिणाऱ्याला भाकरीसाठी व्हर्सायपर्यंत चालत गेलेल्या बायका मात्र राक्षसिणी वाटल्या. मरणारा पक्षी विसरून हा पिसाऱ्यासाठी हळहळतो, हा क्रांतीचा कैवारी लेखक टॉमस पेनचा टोला वर्मी लागणारा आहे. चेतसिंगाचे दुःख ज्याला हजारो मैलांवरून दिसले, त्याला खाडीपलीकडचा शेतकरी दिसू नये, याचे मला आजही नवल वाटते. शेवटी शेवटी तर त्याचा तोल गेला. डिसेंबर १७९२ मध्ये त्याने भर सभागृहात खंजीर काढून जमिनीवर फेकला. त्यावर शेरिडन या सभासदाने, जणू ती जेवणाची सुरी असावी तसे, ‘आणि काटा कुठे आहे?’ असे विचारल्याचे सांगतात. त्याआधी मे १७९१ मध्ये आपल्याच पक्षाचा पुढारी फॉक्स याच्याशी असलेली जुनी मैत्री त्याने सभागृहातच मोडली. फॉक्स रडला, बर्क बधला नाही.

लेखमालेचे पुढचे भाग अजून यायचे आहेत. बर्कवर स्वतंत्र भाग काढणार असाल तर १७८३ च्या भाषणातला मराठ्यांविषयीचा उतारा मराठीत पूर्ण छापावा, आणि गेल्या भागातल्या ‘रक्तपात पाहून’ या विधानाची दुरुस्ती द्यावी, ही विनंती.

आपला,
एक वाचक, वाई