देवबागची तारीख ठरवण्याआधी

टिळकवाडी, बेळगाव

प्रिय वसंता,
सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र पोचलं. लग्नाला पंचवीस वर्षं होतायत म्हणून तुम्ही दोघं चार दिवस समुद्रावर जाणार, हे वाचून फार बरं वाटलं. पण यादीत तू गोवा, गोकर्ण, कारवार, मालवण सगळंच लिहिलंयस. ती यादी फाड बघू. निवांतपणा हवा तर एकच गाव धर आणि तीन रात्री तिथंच राहा. माझं मत मालवणजवळचं देवबाग. एका अंगाला कर्ली नदी, दुसऱ्या अंगाला समुद्र, मधे माडांची चिंचोळी पट्टी. समुद्र आणि खाडी दोन्हीकडं चालत जाता येतं, गाडी हलवावीच लागत नाही.

शनिवार-रविवार बघून खोली ठरवू नकोस, आधी पंचांग बघ. कोकणात तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सकाळ-संध्याकाळ सहाच्या सुमारास भरती आणि दुपारी बाराला ओहोटी. पौर्णिमेला सव्वाअकराला भरती, म्हणून ओहोटी पहाटे पाच आणि संध्याकाळी साडेपाचच्या आसपास. वद्य पक्षात पुन्हा एकपासून मोजायचं. अर्धा-पाऊण तास इकडंतिकडं होतो, तेवढं चालतं.

संध्याकाळी लांबवर चालायचं असेल तर पाणी मागं गेलेलं हवं. ओहोटीची ओली वाळू घट्ट असते, पाय रुतत नाहीत. भरतीला फक्त वरची भुसभुशीत वाळू उरते आणि तिथं वहिनींचे गुडघे पंधरा मिनिटांत दुखायला लागतील. उलट पाण्याखालचं बघायचं असेल तर अष्टमीच्या जवळचे दिवस बरे. तेव्हा भांगाची भरती असते, पाण्याला ओढ कमी, गाळ कमी उठतो. दोन्ही साधायचं तर शुद्ध दशमीला पोचा, एकादशीला स्कूबा करा. त्रयोदशीपर्यंत ओहोटी दुपारी चारवर सरकते, चालायला ऐसपैस किनारा मिळतो आणि वर चांदणंही असतं. महिना डिसेंबर ते फेब्रुवारी.

स्कूबा करणारच असाल तर हे नीट वाच. दमा, हृदयविकार किंवा साधी सर्दी असली तरी बुडी मारू नये. सर्दीत कानातला दाब जुळत नाही आणि पडद्याला इजा होते. खाली जाताना दर मीटरभराला नाक चिमटीत धरून नाकातूनच हळूच फुंकर मारायची, कान दुखायच्या आधीच. दुखला तर तिथंच थांबून सोबतच्या माणसाला कानाकडं बोट दाखवायचं. श्वास कधीच रोखायचा नाही, कारण वर येताना फुप्फुसातली हवा फुगते. आणि आपली सवय म्हणजे सगळं ठीक आहे म्हणून अंगठा दाखवणं. पाण्यात त्याचा अर्थ ‘मला वर ने’ असा होतो. ठीक असल्याची खूण म्हणजे अंगठा आणि तर्जनीचा गोल. वहिनींकडून ती घरीच दोनदा करवून घे.

परतीच्या सकाळी मात्र बुडी नको. पाण्याखाली अंगात जास्तीचा नायट्रोजन मुरतो. तो बाहेर पडायच्या आत उंचावर गेलं तर त्याचे बुडबुडे होऊ शकतात. साधारण सहाशे मीटरच्या वर चढायचं असेल तर एका बुडीनंतर निदान १२ तास जाऊ द्यावेत असं सांगतात, आणि तुमच्या परतीच्या वाटेवरची आंबोली त्याहून उंच आहे. किनाऱ्यावर राहणाऱ्यांना ही अडचण येत नाही, त्यामुळं तिथं कुणी आपणहून सांगेलच असं नाही.

कर्ली समुद्राला मिळते त्या संगमावर पोहू नका. ओहोटीला नदीचं पाणी आणि खाडीत भरलेलं पाणी मिळून एकदम बाहेर धावतं, वरून मात्र ते शांत दिसतं. समुद्रातही कधी ओढ लागली तर किनाऱ्याच्या दिशेनं झगडायचं नाही. किनाऱ्याला समांतर, आडवं पोहत ओढीबाहेर पडायचं आणि मग वळायचं. होडीत लाइफ जॅकेटचे पट्टे आवळूनच बसा, नुसतं खांद्यावर अडकवलेलं जॅकेट पाण्यात डोक्यावरून निसटतं.

एखाद्या सकाळी रापण दिसली तर थांबून बघा. होडी जाळं अर्धगोलात टाकून येते, मग दोन्ही टोकांचे दोर धरून माणसं मागं मागं सरकत ओढतात. जाळं जवळ येईल तशी ती दोन रांगा एकमेकींजवळ आणतात. ताणलेला दोर ओलांडू नका, बाजूनं बघा.

जेवण घरगुती निवासातच घ्या, पण उद्या काय हवं ते आदल्या रात्री सांगायचं, आणि सुरमई-पापलेटचा त्या दिवसाचा दर आधी विचारायचा. मासा दररोज वेगळ्या भावानं येतो, ताट वाढल्यावर विचारलं की दोन्हीकडं अवघडल्यासारखं होतं. एकादशीला वहिनींचा उपास असेल तर तेही आदल्या रात्रीच सांग. बांगडा स्वस्त म्हणून टाळू नका, ताजा तिरफळातला बांगडा मला तरी पापलेटाहून आवडतो.

संकेश्वराहून गडहिंग्लज, आजरा, आंबोली, सावंतवाडी, कुडाळ, मालवण असं जा. थांबत गेलात तर साडेचार-पाच तास धर. आंबोली उतरताना गाडी दुसऱ्या गिअरात ठेव, सारखा ब्रेक दाबून तो तापला की पकड सुटते. परत येताना उजेडातच घाट चढा.

खोली खाडीच्या बाजूची घे, तिथं वारा कमी लागतो आणि झोप चांगली येते. वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
विनायक